तिघांचा तंबू

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

विकी आज हसला. यशदीपनं पापड डोक्यावर ठेवला म्हणून — नीट, आवाज करून हसला. ऑगस्टपासून पहिल्यांदा. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

मग म्हणाला, "या महिन्यात एक रात बाहेर झोपू. तंबूत. मी आन् पोट्टे."

तंबू आणलेलाच होता. दिवाणाखालून काढला. हिरवा, गोल घडीचा, पिशवीवर तीन माणसांचं चित्र. यश तर गादीवर उड्या मारायला लागला. चेतना वडिलांकडे बघत होती. नुसती बघत होती.

मी विचारलं, "आणि मी?"

"तुले ड्यूटी हाय ना. आम्ही तिघंच."

मी खूश व्हायला पाहिजे होतं. इतके दिवस हेच तर मागत होते — यानं बोलावं, हसावं, पोरांत बसावं. आणि आज ते झालं तर मी पिशवीवरची माणसंच मोजत राहिले. काहून ते सांगता येत नाही, म्हणून लिहून राहिले. या घरात मराठी सरळ वाचणारी मी एकटीच. विकी रायपूरच्या हिंदी शाळेतला, पोरं मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात. वही उशाला पडली असली तरी चालते. इथं मी त्याला विकी म्हणते, अरे-तुरे करते. तोंडावर आजवर कधी केलं नाही.

९ नोव्हेंबर

ऑगस्टचं एकदा लिहून टाकते. आजवर हात धजत नव्हता.

विकी प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये बसून. ऑगस्टात साखळी तुटली आणि लोखंड खाली आलं. खाली शिशिर होता. शिशिर आणि हा, दोघं इथंच गुढ़ियारीत एका पाऱ्यात, एका मोहल्ल्यात वाढले, एका वर्षी कामाला लागले. आमच्या लग्नात याच्या शेजारी उभा होता तो. त्याचं लग्न राहूनच गेलं. घरी फक्त आई — कलावतीबाई.

चौकशी झाली. साखळी जुनी होती असं निघालं. विकीचा दोष नाही असं निघालं. सगळ्यांनी हेच सांगितलं त्याला. त्यानं मान हलवली.

त्यानंतर तो केबिनमध्ये चढला नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. घरी येतो, हातपाय धुतो, गच्चीवर जाऊन बसतो. रडला नाही, चिडला नाही. हाक मारली की उतरतो, शहाण्या पोरासारखा. सांगितलं तर जेवतो. मी मनात म्हणायचे, ओरड रे बाबा, काही तरी फेक. नाही.

आणि काल एकदम हसू.

११ नोव्हेंबर

घर दुरुस्त होऊन राहिलं आहे. मोरीचा नळ वर्षभर गळत होता, तो बसवला. पंख्याचं रेग्युलेटर बदललं. सासूबाईंच्या खाटेची नवार सैल झाली होती, ती उसवून पुन्हा विणली. गच्चीच्या टाकीचं झाकण. माझ्या स्कूटीचा ब्रेक. संध्याकाळी यशच्या दप्तराची चेन लावत बसला होता, तोंडात सुई धरून.

सासूबाई म्हणाल्या, "आता सुदरलं माहं पोरगं. घरात ध्यान लागून राह्यलं त्याचं."

मी हो म्हटलं. आत्ता रात्री सगळीकडे नजर फिरवली. घरात बिघडलेलं काही उरलं नाही. मला ते बरं वाटलं नाही.

१२ नोव्हेंबर

झोपेत गच्चीचं दार वाजल्यासारखं वाटलं. हात लावून पाहिलं तर शेजारी होता. डोळे उघडे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चेतनाला शिकवत होता — सिलिंडर कसं बदलायचं, मीटरचा फ्यूज कुठं असतो, आजीच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून आणायच्या. तेरा वर्षांची पोरगी. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते.

मी म्हटलं, "तिला काहून? तुम्ही आहे ना."

"शिकू दे ना. काम येते."

चेतना मध्येच म्हणाली, "पापा, आप ही बदलना. मुझे नहीं सीखना." आणि उठून गेली. अशी कधी बोलत नाही ती त्याच्याशी. हल्ली तर त्याचं शेपूट झाली आहे — दूध आणायला त्याच्यासोबत, गच्चीवर अभ्यास त्याच्यासोबत. तिमाहीत मार्क कमी पडले तिला. बाई म्हणाल्या, वर्गात लक्ष नसतं.

तिला एकटीला गाठून विचारलं, "पप्पा तुले काही म्हणतात का?"

"नहीं मम्मी. कुछ नहीं."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर.

१६ नोव्हेंबर, रविवार

विनायकचा फोन. विनायक म्हणजे विकीच्या प्लांटमधला, तोही मूळचा आपल्याकडचाच, भंडाऱ्याकडचा. "वहिनी, भाऊ घरी हायेत का? नाही ना? मग बोलतो."

त्यानं सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. विकी रोज शिफ्ट सुटली की शिशिरच्या आईकडे जातो. भाजी नेऊन देतो, पाणी भरतो, पायरीवर बसतो. दोघं बोलत नाहीत. मग घरी येतो. मी समजायचे, ट्रॅफिक लागतं.

"ते ठीक हाय वहिनी. पण काल कलावतीबाईले म्हणाले, पुढच्या हप्त्यापासून माहं येनं होनार नाही. विनायकले सांगून ठेवतो, तो येत जाईल. मले तर काही बोलले नाही. बदली-गिदली हाय का?"

बदली नाही. काहीच नाही.

रात्री जेवण वाढताना विचारलं. "शिशिरच्या आईकडे जाता ना तुम्ही?"

"जातो."

"मग आता जाणार नाही म्हटलं?"

"किती दिवस जाईन." आणि भात मागितला.

पुढच्या हप्त्यापासून. पुढच्या शनिवारी तंबू आहे.

१७ नोव्हेंबर

जे मनात आहे ते इथंसुद्धा लिहिता येत नाही. पेन उचललं, ठेवलं.

१८ नोव्हेंबर

आज म्हटलं, मीही येते. रजा टाकते.

"नको."

"काहून नको?"

"लॅबमध्ये तू एकटीच तर हाय काउंटरवर. आन् तंबू तिघाइचा हाय." मग माझ्याकडे न बघता, "पोराइले एक रात चांगली आठवली पाहिजे, अपर्णा. बस. तेवढंच."

आवाज इतका मऊ होता. तो मऊपणाच नको वाटतो मला. भांडला असता तर मी भांडले असते.

सासूबाईंना बोलून पाहिलं. सगळं नाही. एवढंच, की पोरांना पाठवायचं मन होत नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बाप हाय तो त्याइचा. बापासोबत पोराइले भेव कायचं? तूच काहीबाही मनात आनतं."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पोरांना तळहातावर वाढवलं त्यानं. यशला न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात छातीवर घेऊन बसून राहिला होता, पाठ टेकली नाही. त्याच्याबद्दल मी काय विचार करून राहिले?

आणि भीती पोरांची नाहीच कदाचित. ती दुसरीच आहे. ती मी लिहिणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तयारी. चादरी, बटाटे, कांदे, मीठ-तिखट पुडीत, कानटोप्या. यशनं टॉर्च इतक्या वेळा लावून पाहिला की सेल संपले, नवे आणले. कुठं जाणार ते मी पुन्हा विचारलं. अभनपूरकडं, बाबारावच्या शेतावर. बाबाराव म्हणजे माझे सासरे मारोती यांचे रेल्वेतले सोबती, रिटायर होऊन तिकडं शेती घेतली. ओळखीचं माणूस आहे म्हणून जीव थोडा भांड्यात पडला.

विकी सलूनमध्ये जाऊन आला. दाढी, केस. लग्नातल्यासारखा दिसतो.

चेतनानं दप्तरातून पुस्तकं काढली आणि त्यात स्वतःचे कपडे भरले. तिच्या चेहऱ्यावर सहलीला जाणाऱ्या पोरीचं काही दिसत नाही. म्हटलं, "तुले नसंन जायचं तर राहा." तर म्हणते, "नहीं नहीं. मुझे तो जाना ही है."

२२ नोव्हेंबर, शनिवार — सकाळ

गेले. गाडीवर तिघं, तंबू यशच्या मांडीवर.

विकी आईच्या पाया पडला. सासूबाई हसल्या, "अरे, एका रातीसाठी?" मग गाडीला किक मारली आणि म्हणाला, "जातो."

आपल्यात कोणी निघताना जातो म्हणत नाही. सासूबाई दारातून ओरडल्या, "येतो म्हन रे."

तो हसला. म्हटलं नाही.

चेतना सगळ्यांत मागं बसली होती, वडिलांच्या कमरेला हात घालून. मधे यश चेपलेला. वळणापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तोच दिवस — दुपार

लॅबमध्ये. काउंटरच्या खाली धरून लिहिते आहे. एका आजोबांचं बिल दुसऱ्याच्या नावानं केलं. मॅडम म्हणाल्या, क्या हो गया अपर्णा.

विकीचा फोन बंद. चेतनाजवळ सासूबाईंचा जुना मोबाईल आहे, तो लागत नाही. तिकडं नेटवर्क नसेल.

बाबारावना केला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. "जय भीम, सुनबाई. कसं काय आठवण केली?"

म्हटलं, पोरं पोचली का.

"कोनाची पोरं?"

"विकी. तुमच्या शेतावर निघाले सकाळी. तंबू घेऊन."

"नाही बाई. इकडं कोनी नाही आलं. विकीचा तर कितीक दिवस झाले फोन बी नाही."

बाहेर लोक बसले आहेत. निघते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं एका दमात लिहिते.

काल लॅबमधून निघून आधी घरी आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून सरळ सांगितलं — ते बाबारावकडं नाहीत, आणि विकी परत येतो म्हणाला नाही, आणि मला भीती वाटते. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही. सूप खाली ठेवलं.

मग म्हणाल्या, "यश म्हनत होता, पापा जिथं पोहनं शिकले तिथं चाललो. माह्या नंदेच्या गावचा तरिया असंन तो. अभनपूरच्या पुढं. याच्या बापानं शिकवलं होतं त्याले तिथं."

तरिया म्हणजे तलाव. विकीच्या आत्याबाई वारल्या, घर विकलं. तिथं आपलं कोणी नाही. म्हणूनच मला सांगितलं नव्हतं.

स्कूटी काढली. सासूबाई म्हणाल्या, मी येतो. म्हटलं, तुम्ही घरी पाहिजे, फोन आला तर. त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

शहर संपेपर्यंत दिवस होता. अभनपूरच्या बाजारातून निघाले तर उतरत होता. रस्ताभर धानाचे ट्रॅक्टर, पुढं जाऊ देईनात. कापलेली शेतं, कुठं कुठं धूर. मी स्वतःशी मोठ्यानं बोलत होते, काय ते आठवत नाही. हातावर थंडी कापत होती. एका ठिकाणी वाट चुकले, बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी पोचले. तिथं एकही माणूस नव्हतं, फक्त कुत्रे. परत फिरले.

गावात शिरले तर परछीत, म्हणजे ओसरीवर, एक म्हातारी शेकत बसली होती. तिला विचारलं, तंबू घेऊन कोणी आले का.

"हव. तरिया पार म हें. लइका मन संग." मग मागून म्हणाली, "बने करे आ गेस, नोनी. ददा ह मंझनिया ले पानी ला देखत बइठे हे."

तलावाच्या काठावर आहेत, पोरांसोबत. बरं केलं आलीस. बाप दुपारपासून पाण्याकडे बघत बसला आहे.

काठावर चढले. अंधार पडायचा होता अजून. तंबू दिसला. त्याच्यासमोर छोटा जाळ, आणि यश काडीला बटाटा टोचून भाजत होता, तोंड काळं. मला बघून ओरडला, "मम्मी, देखो, मैंने खुद जलाया." एवढं ऐकलं आणि त्याला जवळ ओढून अंगभर चाचपलं.

चेतना जाळापाशी नव्हती. खाली पायऱ्यांवर होती. विकी शेवटच्या पायरीवर बसलेला, पाय पाण्यात, चपला बाजूला. त्याच्या वरच्याच पायरीवर ती. मला बघितलं आणि उभी राहिली, आणि एकदम रडायला लागली. आवाज नाही. सगळं अंग हलत होतं. लहानपणी पडली तरी रडायची नाही ही पोरगी. तिला जवळ घेतलं, वर यशकडे पाठवलं.

त्याच्याशेजारी बसले. पाणी बर्फासारखं होतं.

"तू आली?"

"आली."

"बरं केलं."

पलीकडून कोणी तरी गुरं हाकत गेलं. मग मी विचारलं. इतके दिवस जे वहीतसुद्धा लिहिलं नाही, ते तिथं तोंडातून निघालं. "तुम्ही परत येणार होते का?"

त्यानं पाय पाण्याबाहेर काढले. पुसले.

"पोराइले घरी सोडाले येनार होतो."

"आणि मग?"

त्यानं पुन्हा पाण्याकडे बघितलं.

मी त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी, दुखेल असा. म्हटलं, "सांगा. शिशिरचं सांगा."

तेव्हा बोलला. तुटत तुटत. वरून शिशिरचं फक्त हेल्मेट दिसायचं. त्या दिवशी यानं भोंगा दिला, बाजूला हो म्हणून. शिशिरनं वर बघितलं, हात हलवला, हसला. त्याला वाटलं हा गंमत करतो. "मी रोज गंमत करत होतो ना त्याच्यासंग. रोज भोंगा देत होतो उगाच. म्हनून तो हटला नाही."

म्हणजे हे होतं. ऑगस्टपासून हे घेऊन हा गच्चीवर बसत होता. चौकशीत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

तो दोष नाही तुमचा, असं मी म्हटलं नाही. ते सगळ्यांनी म्हणून झालं आहे. एवढंच म्हटलं, "सोमवारी आपण डॉक्टरकडे जाऊ. मी हात सोडणार नाही."

"पागलखान्यात?"

"दवाखान्यात. पाय मोडला असता तर नेलं असतं का नाही?"

त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग रडला. यश वरून विचारत होता, "पापा को क्या हुआ?" आणि चेतना त्याला सांगत होती, "कुछ नहीं. धुआँ लगा आँख में. तू आलू देख अपना."

काठावरच्या एका उंच दगडावर मोबाईलला रेंज आली, तिथून सासूबाईंना सांगितलं. त्या एकच म्हणाल्या, "आवाज ऐकव त्याचा." ऐकवला.

परत निघणं शक्य नव्हतं. तिघांच्या तंबूत चौघं झोपलो. यश माझ्या पोटावर पाय टाकून. मी जागी राहायचं ठरवलं होतं, पण पहाटे डोळा लागलाच.

उजेड झाला तेव्हा पाहिलं — चेतनाची ओढणी. एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं विकीच्या. गाठ पक्की, ओढली तर हिला जाग यावी अशी. तो जागा होता. गाठीकडे बघत पडला होता, हात न हलवता.

ती उठली तेव्हा मी हळूच विचारलं, हे काय.

"पापा रात को उठ के चले जाते हैं ना." जसं काही मला माहीतच असावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. विनायक सोबत आला, त्यानंच नंबर लावला. डॉक्टर बाई तरुण आहेत, घाई केली नाही. त्याला एकट्याला बसवून बराच वेळ बोलल्या. मग मला आत बोलावलं.

एकटं सोडायचं नाही सध्या. औषध लगेच लागू पडत नाही, हप्ते जातात, तोवर जपायचं. आणि म्हणाल्या, मनात काय चाललं आहे ते सरळ विचारत जा. विचारल्यानं माणूस त्या वाटेनं जात नाही, उलट थांबतो.

मी दोन हप्ते कणीक मळत ऐकत राहिले होते.

गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ.

२५ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं कळलं. खाटेवर बसून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. "माह्या पोटचं पोरगं, आन् मले समजलं नाही. मी म्हनत राह्यली, सुदरला."

२८ नोव्हेंबर

गोळ्यांनी झोप येते त्याला. दुपारीही झोपतो. श्वास चालू आहे का ते मी दारातून बघते. कामावर असले तर सासूबाई बघतात. शाळेतून आली की चेतना बघते. घरात सगळे पावलांचा आवाज न करता चालतात. यश विचारतो, "पापा को बुखार है क्या?" हो म्हणते.

आज विचारलं त्याला, डॉक्टरांनी सांगितलं तसं. "मरायचं येतं का मनात?"

"येते."

"आजही?"

"सकाळी आलं होतं. मग गेलं."

खोटं बोलला असता तर बरं, असं एक क्षण वाटलं. नाही. खरंच पाहिजे.

१ डिसेंबर

कलावतीबाई आल्या. विनायक घेऊन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरी. विकी उठून बसला. त्यांना सगळं सांगितलं त्यानं — भोंग्याचं, हसण्याचं. मी थांबवणार होते, पण त्या ऐकत होत्या.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हसला होता ना?"

"हो."

"मले कोनी सांगतलं नाही हे." पदर डोळ्याला लावला. मग म्हणाल्या, "तू येत जा. विनायकले भाजी निवडता येत नाही."

रात्री तो पोटभर जेवला. मी त्यावर विश्वास ठेवत नाही अजून. पण जेवला.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलो, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या लावल्या. विकी आला. वंदनेत त्याचा आवाज ऐकू येत होता, माझ्या कानाजवळ. परत येताना चेतना हळूच त्याला म्हणाली, "पापा, फरवरी में मेरा साइंस वाला प्रोजेक्ट है. मॉडल आप ही बनाओगे. पक्का?" तो म्हणाला, पक्का. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. तारीख सांगून.

ती तारीख म्हणताना तिचा चेहरा — मला तो ओळखीचा वाटला. कुठं पाहिला ते आठवेना.

७ डिसेंबर, रविवार

रात्री आठवलं, तो चेहरा तंबूच्या तयारीच्या दिवशीचा. म्हणून विचारलं चेतनाला. तिनं सगळं सांगितलं.

सप्टेंबरात शिकवणीवरून येताना तिनं त्याला पुलावर उभं पाहिलं होतं. डबा खाली ठेवलेला. पुष्कळ वेळ. तिनं हात धरून घरी आणलं, आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं — तिला दीक्षाभूमीला नेईपर्यंत तसं काही करायचं नाही. नेलं त्यानं, दोन ऑक्टोबरला. मग म्हणाली, यशच्या वाढदिवसापर्यंत. तो झाला. मग म्हणाली, तंबूत एक रात्र. तंबू त्याला सुचलाच नव्हता. तो तिचा होता.

ज्या सहलीची मला भीती वाटत होती, तिच्याच जोरावर चेतना त्याला इथपर्यंत धरून आली होती. एकटी.

"मुझे काहून नाही सांगतलं" असं काहीतरी अर्धं हिंदी अर्धं मराठी मी बोलले. ती म्हणाली, "पापा ने बोला था, मम्मी को मत बताना." मग म्हणाली, "टेंट के बाद का कुछ सूझ ही नहीं रहा था, मम्मी. मैं सीढ़ी पे बैठ के वही सोच रही थी. फिर आप आ गए."